बजीसाठी पिंजरा घेताय? टेप घेऊन दुकानात जा

दुकानदार हसला तर हसू दे, पण मेजरिंग टेप घेऊनच जा. बहुतेक जण पिंजरा हॉलमध्ये कसा दिसेल ते बघून घेतात आणि मग गोल, सोनेरी, घुमटवाला उंचच उंच पिंजरा घरी येतो. बजी (म्हणजे बजरिगर, तो छोटा ऑस्ट्रेलियन पोपट) काय लिफ्टसारखा वर-खाली जात नाही, तो आडवा उडतो, म्हणून उंची नंतर, आधी लांबी बघा. जोडीसाठी निदान अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्या, आणि हे माप आतल्या मोकळ्या जागेचं हां, स्टँड आणि घुमट धरून नाही. गोल तर नकोच, घाबरलेल्या पक्ष्याला कोपरा लागतो आणि घुमटाच्या टोकाला तारा जवळजवळ येतात तिथे पाय अडकतात.

मग दोन तारांमधला गॅप. अर्धा इंच म्हणजे साधारण 12 मिलिमीटर, त्याहून जास्त नको. मोठ्या गॅपच्या पिंजऱ्यात बजीचं डोकं बाहेर जातं आणि परत आत येत नाही, पुढचं सांगायला नको. "पोपटाचा आहे, मजबूत आहे" असं म्हणून तोच गळ्यात मारतील, घेऊ नका. (आणि देशी पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, कोणी पिंजऱ्यासोबत तोही देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.) निदान दोन बाजूंना तारा आडव्या असू द्या, बजी चोचीने धरून चढत असतात.

चोचीवरून आठवलं, हे पक्षी दिवसभर तारा कुरतडतात, त्यामुळे जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी नको, जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. पावडर कोटिंग किंवा स्टीलचा घ्या. कोटिंगवर नखाने जरा खरवडून बघा, पापुद्रे निघाले तर पुढचं दुकान. दार वर सरकणारं असेल तर त्याला बाहेरून हुक लावा, ते चोचीने उचलून बाहेर पडणारे महाभाग असतात. खालचा ट्रे ओढून काढता येतोय ना, तेही बघा, नाहीतर रोज पेपर बदलायचा कंटाळा येतो आणि वास सुटतो.

सोबत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या दांड्या काढून टाका. सगळ्या एकाच जाडीच्या, सतत त्यावर बसून तळपायाला फोड येतात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावा, फवारणी न केलेल्या, धुवून उन्हात वाळवलेल्या.

पिंजरा कुठे ठेवणार ते घ्यायच्या आधीच ठरवा, कारण मापही त्यावरच ठरतं. किचनमध्ये अजिबात नाही!! नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, आपल्याला वासही येत नाही. बाल्कनीत कावळे, मांजरं आणि दुपारचं ऊन. हॉलमध्ये एक बाजू भिंतीला लागून, आपल्या छातीच्या उंचीला, पंख्याखाली नाही.

सेकंड हँड पिंजरा मिळाला तर वाईट नाही, मोठा स्वस्तात मिळतो, फक्त आधीचा पक्षी कशाने गेला ते विचारा, ब्लीच टाकलेल्या पाण्याने घासा, भरपूर धुवा, कडक उन्हात ठेवा, वास पूर्ण गेला की मगच पक्षी आणा.