मुंबईत आयरिस लावताय? या चुका टाळा

झालरीसारख्या जांभळ्या पाकळ्यांचे फोटो बघून ऑनलाइन गड्डे मागवणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. ते ‘बिअर्डेड’ आयरिस थंड प्रदेशाचं. हिवाळ्याची कडक थंडी खाल्ल्याशिवाय ते नीट फुलत नाही. आपल्याकडे जानेवारीतली पहाटसुद्धा साधारण 16-17 अंशांची. पानं येतील, फूल येणार नाही, आणि जुलैत गड्डा बहुधा कुजेल. काश्मीरमध्ये कबरींवरही फुलणारं हे झाड मुंबईच्या बाल्कनीत आणून त्याचे हाल करू नका.

इथे लावावं ते वॉकिंग आयरिस, म्हणजे निओमारिका. ब्राझीलकडचं, आयरिसच्याच कुळातलं, दमट हवा मानवणारं. फूल पांढरं-निळं किंवा पिवळं, जेमतेम एक दिवस टिकणारं. पण सकाळी उमललेलं दिसलं की त्या दिवसाचं सोनं होतं.

आता खरी हळहळ वाटावी अशी चूक: फूल सुकलं की दांडा छाटून टाकणं. त्याच दांड्याच्या टोकाला पिल्लू, म्हणजे नवं छोटं रोप, धरतं. त्याच्या वजनाने दांडा वाकतो. तिथे खाली ओलसर मातीची छोटी कुंडी ठेवा, पिल्लू मातीला टेकवा आणि वाकवलेल्या तारेने अडकवा. हलक्या हाताने ओढून बघितल्यावर ते मातीला धरून राहिलं, की मग दांडा कापा. घाईने आधीच तोडलेली पिल्लं बऱ्याचदा सुकतात. कुंडी गच्च भरली असेल तर गड्ड्याचे भागही करता येतात, मात्र भर पावसात नको. ओल्या जखमेतून कूज शिरते.

पानं बुडाशी पिवळी, मऊ पडून वास येतोय? पाणी साचतंय. नुसत्या लाल मातीत लावू नका. तिच्यात कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी जाड रेती घाला, गड्डा खोल पुरू नका, पावसाळ्यात खालची बशी काढून टाका. पानांची टोकं करपली तर दुपारचं ऊन लागतंय. कुंडी सकाळचं ऊन येणाऱ्या ग्रिलमध्ये हलवा.

पानं हिरवीगार, तरी फूल नाही? उजेड कमी असेल, नत्राचं खत जास्त झालं असेल किंवा झाड अजून लहान असेल. पिल्लापासून वाढवलेल्या झाडाला आधी पानांचा पंखा भरावा लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी फुलं आली नाहीत तरी ते उपटू नका.