भोवऱ्याला जाळी (म्हणजे दोरी) कशी गुंडाळायची आणि भोवरा कसा सोडायचा

सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, लाकडी भोवरा दिसला तर तोच घ्या, प्लास्टिकचा नको. आर, म्हणजे खालचा खिळा, बरोबर मधोमध ठोकलेली बघून घ्या, तिरकी असली की भोवरा थरथरत फिरतो. आरीचं टोक दगडावर घासून बोथट करा. झाली तयारी.

जाळी मात्र सुतीच पाहिजे. नायलॉनची दोरी घ्या असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, ती गुळगुळीत असते, लाकडाला धरतच नाही. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी माग, त्यामुळं तुटकं सूत काकांकडं मागितलं की मिळायचं, ते पाच-सहा पदरी घ्यायचं, एक टोक खिडकीच्या गजाला बांधून पीळ भरायचा, मग मधोमध दुमडायचं की आपोआप उलटा पीळ बसतो. सूत साधारण तीन मीटर घ्या, म्हणजे शेवटी सव्वा मीटर तरी जाळी उरते. एका टोकाला जाड गाठ मारा.

गुंडाळताना मोकळं टोक जिभेला लावून ओलं करा आणि भोवऱ्याच्या पोटावर अंगठ्यानं दाबून धरा. तिथून जाळी खाली आरीवर आणा, दोन वेढे घट्ट मारा, मग एकाला एक चिकटून वर वर चढत या. वेढ्यावर वेढा चढला की तिथंच अडकते, मग तेवढं सोडवून परत गुंडाळा, कंटाळा करू नका.

आता सोडणं. सगळे सांगतात "जोरात फेक", आणि इथंच पोरं बिघडतात. माझी मे महिन्याची अख्खी सुट्टी या एका सल्ल्यापायी वाया गेली, भोवरा चाकासारखा आडवा गडगडत जायचा आणि मला वाटायचं हातात जोरच नाय. जोर फेकण्यात नसतोच हो, ओढण्यात असतो! जाळी सुटताना भोवऱ्याला खेचते म्हणून तो फिरतो, नुसता भिरकावला तर नुसता उडतो. गाठ मधल्या दोन बोटांत अडकवा, आर खाली ठेवा, हात पुढं नेत भोवरा हलकेच सोडा आणि तो जमिनीला टेकायच्या आत मनगट झटक्यात मागं घ्या. सोडणं नि ओढणं वेगवेगळं करू नका, एकच हिसका. बरोबर बसला की जाळी हवेत सट्कन वाजते आणि भोवरा जागच्या जागी असा गुंगतो की फिरतोय का थांबलाय तेच कळत नाही. शिकताना चोपलेली माती बघा, फरशीवर आर घसरते. समोर कुणालाही उभं करू नका, माझा भोवरा एकदा शेजारच्या पोराच्या नडगीवर बसला होता, रक्त आलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

हातावर घ्यायचा असेल तर तर्जनी आणि मधलं बोट फाकवून आरीच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवा आणि उचलून तळहातावर येऊ द्या, बोथट आर टोचत नाही, नुसत्या गुदगुल्या होतात.