तिकटीवर ‘थांबा’ फलक हवा की गतिरोधक, हे कसे ठरवावे

कोल्हापुरात एखाद्या वसाहतीच्या तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, दोन दुचाक्या धडकल्या, की संध्याकाळपर्यंत मंडळाच्या कट्ट्यावर गतिरोधकाची मागणी होते आणि जोडीला ‘थांबा’ फलकही मागितला जातो. वास्तविक ही दोन वेगवेगळ्या दुखण्यांवरची औषधे आहेत. गतिरोधक वेग कमी करतो. लाल अष्टकोनी फलक आधी कोणी जायचे आणि कोणी थांबायचे, एवढेच ठरवतो. ज्या अमेरिकेत असे फलक वस्त्यावस्त्यांतून दिसतात, तिथल्या रस्ताचिन्हांच्या राष्ट्रीय नियमावलीतही वेग आवरण्यासाठी हा फलक वापरू नये, असे म्हटले आहे.

म्हणून अर्जाआधी दुखणे ओळखावे. शाळा सुटण्याची वेळ, कामाच्या दिवसाची संध्याकाळ आणि एक रविवार, असे तीन वेळा तिकटीवर बसावे. वेग मोजायला यंत्र लागत नाही. टेपने ३० मीटर अंतर मोजून रस्त्याकडेला खडूच्या दोन खुणा कराव्यात आणि मोबाईलवर वेळ पाहावी: हे अंतर ३.६ सेकंदांत कापणारे वाहन ताशी ३० किलोमीटरने, तर २.७ सेकंदांत कापणारे ताशी ४० किलोमीटरने जात असते. किमान पन्नास वाहने ओळीने मोजावीत. डोळ्यांत खुपलेली तेवढीच मोजली, तर आकडे आपल्या रागाचे निघतात. मोजणाऱ्याने आडोशाला बसावे, कारण कोणी टिपून घेत आहे असे दिसताच गाड्या सावकाश होतात.

यानंतर दृष्टीचा प्रश्न येतो, आणि फलकाचा निर्णय मुख्यतः त्यावरच अवलंबून असतो. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकांनुसार ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाहनाला समोरचे पाहून थांबण्यासाठी ३० मीटर, तर ४० किलोमीटर वेगाला ४५ मीटर अंतर लागते. बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी दुचाकीवर बसून मुख्य रस्ता दोन्ही बाजूंना तेवढा दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल, तर आड काय येते ते लिहून घ्यावे. कोपऱ्यावर लावलेली चारचाकी, वाढदिवसाचा डिजिटल फलक किंवा वाढलेली मेंदी असेल, तर आधी ती हटवावी. बहुतेक तिकटींचे काम तिथेच भागते, असे माझे मत आहे. आड येणारी घराची भिंतच असेल, तर मात्र ‘थांबा’ फलक योग्य ठरतो. सर्व काही दिसत असूनही गल्लीतून येणारे घुसत असतील, तर उलट्या त्रिकोणाचा ‘रस्ता द्या’ फलक पुरेसा होतो.

फलक कोणत्या रस्त्यावर लावायचा, हे राजारामपुरीत सोपे आहे, कारण तिथल्या गल्ल्या मुख्य रस्त्याला येऊन मिळतात आणि थांबायचे ते गल्लीने. पेठांमध्ये दोन्ही बोळ सारख्याच रुंदीचे असल्यास ज्या बोळातून कमी वाहने येतात, तिथे फलक लावावा आणि त्याच्यासमोर रस्त्यावर पांढरी आडवी रेघ मारून घ्यावी.

मोजणीत वेगच जास्त निघाला, तर गतिरोधक जरूर मागावा. पण रात्रीत ओतलेला डांबराचा उंच, अरुंद ढीग नव्हे. रस्ते काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांतील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असून, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्याच्या बेताचा आहे.

फलक लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ नुसार राज्य शासनाला आणि त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला असतो, त्यामुळे मंडळाने हौसेने रंगवलेल्या फलकामागे कायद्याचे बळ नसते. तिकटीचा हाती काढलेला नकाशा, मोजणीचा तक्ता आणि छायाचित्रे जोडलेला एकपानी अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यावा, त्याची प्रत शहर वाहतूक शाखेला द्यावी आणि दोन्ही ठिकाणी आवक क्रमांक घ्यावा. कोपऱ्यावरच्या घरमालकाची आणि दुकानदाराची सही आधीच मिळवावी; गाडी लावायची जागा त्यांचीच जाणार असते आणि नंतरचा वाद तिथूनच उठतो.

फलक लागल्यावर महिनाभराने त्याच खुणांवर, त्याच वेळी पुन्हा मोजणी करावी आणि किती वाहने रेघेपाशी खरोखर थांबतात, तेही तक्त्यात लिहावे.