गाणं आलं की चहा ठेवायला उठू नका

आमचे जावई मोठे सालस. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत रात्री जेवणं उरकून सगळे जुना हिंदी सिनेमा पाहत बसलो होतो. पहिलं गाणं सुरू झालं तसं त्यांनी रिमोट उचलला आणि ते पुढे ढकललं. दुसऱ्या गाण्याला म्हणाले, "आई, गाणं आलंय, तोवर मी चहा ठेवू का?" जावई आपणहून चहा ठेवतोय म्हटल्यावर कोण बोलणार! मी गप्प बसले. सिनेमा संपल्यावर त्यांचं मत आलं: "बरा होता, पण ती त्याच्या प्रेमात कधी पडली तेच कळलं नाही."

कळणार कुठून? ती जिथे पडली तिथून हे रिमोट घेऊन पुढे निघून गेले होते.

मी एकोणीस वर्षं ऑर्केस्ट्रात लता-आशाची गाणी म्हटली. त्यामुळे हे मनाला लागलं, आणि जावयांना मी रीतसर शिकवायला घेतलं. ज्यांच्या घरी असाच कुणी रिमोटवाला आहे, किंवा जे स्वतःच तसे आहेत, त्यांच्यासाठी ही ती शिकवणी.

पहिल्यांदा डोक्यातून एक गोष्ट काढून टाका, की गोष्ट थांबते आणि गाणं येतं. आपल्याकडे बोलपट जन्मला तोच गात. १९३१ सालच्या 'आलम आरा'त सात गाणी होती. त्याच्या पन्नास वर्षं आधीपासून आपले आजे-पणजे 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' पाहायला जात होते आणि पदाला वन्समोअर देत होते. नाटक खोळंबलं म्हणून कुणी ओरडत नव्हतं. नायक-नायिका एकमेकांशी जे बोलू शकत नाहीत ते त्यांनी गायचं, हा करार प्रेक्षकांनी कधीच मान्य केलेला आहे. घरात वडीलधारे, दारात समाज, वर सेन्सॉर. प्रेमाला जागा उरली ती मुखडा (गाण्यात फिरून फिरून येणाऱ्या ओळी) आणि अंतरा (मधली कडवी) यांतच.

आता बसायची तयारी. टीव्हीच्या आतल्या बारक्या स्पीकरवर ढोलकीचा डग्गा आणि बेस ऐकूच येत नाही, म्हणून बाहेरचा स्पीकर लावा, नाहीतर सरळ हेडफोन. तळाला येणारी इंग्रजी भाषांतरं बंद करा. डोळे तिकडे गेले की चेहरा निसटतो. उर्दू शब्दांची भीती वाटत असेल तर गाण्याचे शब्द दुपारी एकदा वाचून ठेवा. गिला म्हणजे तक्रार, इकरार म्हणजे कबुली, सिलसिला म्हणजे मालिका. असे वीसेक शब्द आले की बहुतेक गाणी उलगडतात.

खरा अभ्यास पुढे आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी दोघं एकमेकांना काय म्हणत होती, 'आप' की 'तुम', हे लक्षात ठेवा. गाणं संपल्यावर पुन्हा ऐका. अनेकदा बदल तिथे झालेला असतो. जावयांना मी आजही अहो-जाहो करते, त्यामुळे अहोवरून अरेवर यायला किती वर्षं लागतात ते मला विचारा! सिनेमात ते साडेचार मिनिटांत होतं. बसण्यातलं अंतर, हातातली वस्तू, नजर खाली की समोर, हेही पाहा. 'श्री ४२०'मधलं पावसातलं गाणं लावा आणि दोन्ही चेहरे सोडून फक्त छत्री पाहा. ती कुणाकडे कलते, कोण भिजतं, कोण ती परत पुढे करतं. माणसं लाजताहेत, बोलणी छत्री करते आहे.

मग म्युझिक. मुखडा आणि अंतरा यांच्या मधल्या वाजण्याला आम्ही स्टेजवरची माणसं 'पहिलं म्युझिक', 'दुसरं म्युझिक' म्हणतो. नवख्या माणसाला वाटतं, इथे गाणारा दम खातोय. पण सिनेमातला काळ इथेच सरकतो. जावयांनी एकदा अगदी इंजिनिअरच्या तोऱ्यात विचारलं, "आई, पाच सेकंदांपूर्वी हिची साडी पिवळी होती, आता निळी कशी?" म्हटलं, "अहो, मध्ये महिना गेला." व्हायोलिनच्या त्या बारा मात्रांत भेटीगाठी झाल्या, रुसवे झाले, पाऊस पडून गेला. हे सगळं संवादांत दाखवायला घेतलं तर अर्धा तास लागेल आणि कंटाळाही येईल.

आता एकच गाणं जवळून घेऊ. 'हम दोनों', १९६१. शब्द साहिर यांचे, संगीत जयदेव यांचं, आवाज रफी आणि आशाचा, पडद्यावर देव आनंद आणि साधना. 'अभी ना जाओ छोड़कर'. संध्याकाळ, तिला घरी जायचंय, तो म्हणतो थांब, मन भरलं नाही. घटना म्हणून एवढीच. पहिला अंतरा त्याचा: आत्ताच तर आलीस, अजून काही बोललो नाही, ऐकलं नाही. दुसरा अंतरा तिचा. दिवे लागले, आता अडवू नकोस. आणि मग म्हणते, आत्ता थांबले तर पुन्हा कधीच जाऊ शकणार नाही. नकार द्यायला निघालेली मुलगी त्याच ओळीत कबुली देऊन बसते! वर त्याचाच मुखडा त्याला परत करते, की तू तर कायम हेच म्हणणार, मन भरलं नाही म्हणून. तिसऱ्या अंतऱ्यात तो थोडा गंभीर होतो. रोज अशीच निघून गेलीस तर पुढे निभावशील कशी? तक्रार नाही, प्रेम आहे म्हणून बोलतो. मुखड्याचे शब्द तेच राहतात, पण पहिल्यांदा ती विनवणी असते, तिच्या तोंडी चिडवणं होतं आणि शेवटी दोघांचा लाडका वाद. मुखडा परत येईल तेव्हा त्याचा अर्थ जागचा हलला का, एवढं बघायला शिकलात तरी निम्मं काम झालं.

या गाण्याने मला एकदा भर स्टेजवर धडा शिकवला. कार्यक्रम लांबलेला, पाहुण्यांचं भाषण बाकी. संयोजक विंगेतून खुणा करत होते की आवरा. आमच्या मुख्य गायकाने पटकन ठरवलं आणि पहिल्या अंतऱ्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली. वादकही कसलेले, कुणाचा ठेका चुकला नाही. मी माइक धरून उभीच. शेवटी माझी एक ओळ आली, "हो, तू कायम हेच म्हणणार", पण मी आधी काही बोललेच नव्हते, त्यामुळे ती ओळ कुठून आली हे कुणालाच समजेना. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मोठ्याने विचारलं, "अहो, ती बोललीच नाही की!" रिमोटने गाणं पुढे ढकलणारे नेमकं हेच करतात, फक्त त्यांना टोकायला आजोबा नसतात.

दुसरा प्रयोग उलटा आहे: आवाज बंद करून पाहा. 'आराधना' (१९६९) मधलं जीप आणि आगगाडीचं गाणं घ्या. राजेश खन्ना आणि सुजितकुमार दार्जिलिंगला जीपमधून चाललेत, शर्मिला टागोर डब्याच्या खिडकीत. तिचे शॉट नंतर वेगळे, स्टुडिओत घेतले होते. आवाज बंद केलात की एक जीप उरते आणि एक खिडकी. आवाज सुरू करा. किशोरकुमारचा गळा दोघांना एका रस्त्यावर आणून सोडतो. नजरानजर गाण्याने घडवलेली आहे, कॅमेऱ्याला ती सापडलीच नव्हती.

आमच्या धंद्यातली एक खूण सांगते. बहुतेक गाणी मुखड्याने सुरू होतात. एखादं तसं होत नसेल तर कान टवकारा. 'गाईड'मध्ये (१९६५) नायिका रोझी नवऱ्याला सोडून निघते तेव्हाचं लताबाईंचं 'आज फिर जीने की तमन्ना है' हे गाणं अंतऱ्याच्या ओळीने उघडतं. आधी काट्यांतून पदर सोडवून घेते, जगायची इच्छा मागून येते. मला ते पाठ करताना पहिल्यांदा वाटलं होतं, कागदावर ओळी उलटसुलट उतरल्यात.

गाणी कुठे थांबतात, तेही मोजा. 'सैराट'मध्ये (२०१६) अजय-अतुल यांची चारही गाणी पूर्वार्धात येतात. मध्यंतरानंतर दोघं परमुलखात, हाताला काम नाही, झोपडीत भांडणं, आणि एकही गाणं नाही. शेवटी तर आवाजच काढून घेतला जातो. पूर्वार्धातली गाणी ज्याने पुढे ढकलली, त्याला उत्तरार्धात काय हरवलं ते कसं समजावं? हा सिनेमा संपल्यावर जावई बराच वेळ बोलले नाहीत. मीही चहाचं विचारलं नाही.

प्रत्येक गाण्यापुढे हात जोडून बसा असं मात्र मी म्हणत नाही. कॅसेट खपावी म्हणून घुसडलेली गाणी ढिगाने आहेत. नायक-नायिका एकाएकी बर्फात पोचतात, ती शिफॉनमध्ये कुडकुडते, तो स्वेटरात, आणि परत आल्यावर कुणात तसूभर फरक नाही. अशा वेळी खुशाल चहा ठेवा. मुलगी नको म्हणतेय आणि हा चार मित्रांना घेऊन तिच्या सायकलमागे गातोय, त्याला तर मी आता प्रेमगीत म्हणतच नाही. "आई, तू ही असली गाणी स्टेजवर म्हणायचीस?" असं लेकीने विचारलं होतं. म्हणायचे. वन्समोअरही मिळायचा. लाज नंतर वाटली.

सुरुवात करणाऱ्यांनी एका रात्री एकच सिनेमा पाहावा. संपल्यावर पुढचा आपोआप सुरू होणारा बंद करावा आणि लगेच चर्चेला बसू नये. सकाळी उठल्यावर तोंडात जी ओळ येईल, फक्त तेवढं गाणं पुन्हा लावून पाहावं. दहा मिनिटांचं काम. 'हम दोनों' पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी जावई दाढी करता करता गुणगुणत होते. तिचा अंतरा होता. शब्द निम्मे चुकलेले आणि सूर त्याहून जास्त. मी दाराआड उभी राहून पूर्ण ऐकला.