शाळेला तोंडी सांगू नका, अर्ज द्या

माझा मुलगा चौथीत असताना प्रतापगडची लढाई दहा मिनिटं न अडखळता सांगायचा. खान कुठून आला, वाईला तळ कसा पडला, शामियाना कुठं होता, सगळं. परीक्षेत त्याच प्रश्नाला त्यानं दीड ओळ लिहिली होती. ‘गड’चा ‘गढ’ झालेला, ‘विश्वास’मधलं जोडाक्षर सुटलेलं, आणि पुढचे दोन प्रश्न कोरे. खाली लाल शाईत शेरा : ‘अभ्यासात लक्ष नाही.’

ती वही अजून माझ्याकडं आहे. पुढं त्याची तपासणी झाली, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला फार कष्ट पडणं) निघाली, आणि शाळेकडून त्याला सोयी मिळवून देता देता मी हे काम शिकले. त्यानंतर साताऱ्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या बऱ्याच आई-वडिलांबरोबर मी शाळांमध्ये जाऊन बसले आहे. ‘मोठा झाला की येईल आपोआप’, ‘शिकवणी लावा’, ‘शुद्धलेखनाची रोज पाच पानं काढून घ्या’ हे सल्ले मला आता ऐकवत नाहीत. ज्या मुलाला ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसायलाच कष्ट पडतात, त्याच्याकडून पाच पानं काढून घेणं ही शिक्षा आहे.

आधी तपासणी

डोळे आणि कान आधी तपासून घ्या. बुद्ध्यांकाची आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. अशा तज्ज्ञांची नोंदणी ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडं त्यांची नोंदणी आहे का ते विचारा, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. मूल मराठी माध्यमात असेल तर चाचणी मराठीतच व्हायला हवी, यावर अडून बसा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या पुढं मिळतं, त्याआधी नाही. खासगी अहवाल शाळेत दाखवायला उपयोगी पडतो, पण पुढं बोर्डाच्या सवलतीसाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्याची ऑनलाइन नोंदणी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करतात. रांग मोठी असते, म्हणून लवकर सुरुवात करा.

तपासणीला जाताना वह्या घेऊन जा. नव्या, नीटनेटक्या नकोत. खाडाखोडीच्या, अर्धवट सोडलेल्या, फळ्यावरून निम्मंच उतरवून घेतलेल्या आणा. गणिताची वही विसरू नका. आपल्या भाषेत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी, ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचं असतं २९. काही मुलं तिथंच अडकतात आणि घरच्यांना वाटतं पाढे पाठ नाहीत.

अर्ज : इथंच बहुतेकांचं अडतं

मी पहिलं वर्ष वाया घालवलं. जूनमध्ये वर्गशिक्षिकेला भेटले, सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली, ‘काळजी करू नका, मी बघते’ म्हणाल्या आणि खरोखर बघितलंही. दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. नव्या शिक्षकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याला वर्गात उभं करून मोठ्यानं धडा वाचायला लावला, पोरं हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. मी तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, ‘आमच्याकडं तशी काही नोंद नाही.’ नोंद खरंच नव्हती. मी सगळं तोंडीच सांगितलं होतं.

म्हणून हे पक्कं लक्षात घ्या. शिक्षक कितीही चांगले असोत, मुख्याध्यापक तुमच्या गावचे, ओळखीचे असोत, अर्ज लेखीच द्यायचा. अर्ज दिला म्हणजे अविश्वास दाखवला असं नाही. उलट चांगल्या शिक्षकालाच तो कागद कामी येतो, कारण वेगळी वागणूक का दिली असं कुणी विचारलं तर त्यांच्याकडं दाखवायला काहीतरी असतं.

अर्ज वर्गशिक्षकांच्या नावे नको, मुख्याध्यापकांच्या नावे करा. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. ‘ठेवून जा, सर आले की देतो’ यावर घरी परतू नका. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती फाइलला लावा.

अर्जात काय लिहायचं? ‘माझ्या मुलाकडं विशेष लक्ष द्यावे’ हे वाक्य लिहू नका. पालकांचे असे अर्ज मी खूप पाहिले आहेत आणि त्यातून मुलाच्या पदरात काहीही पडत नाही. लक्ष द्या म्हटलं की त्याला पहिल्या बाकावर बसवतात आणि विषय संपतो. नेमकं मागा. मी साधारण असं लिहिते :

‘माझा मुलगा इयत्ता पाचवीत शिकत आहे. त्याची बुद्धिमत्ता सामान्य असून त्याला वाचन व लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. तपासणी अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील कलम १६ व १७ नुसार त्याला पुढील सोयी मिळाव्यात, ही विनंती. लेखी परीक्षेत दर तासाला २० मिनिटे जादा वेळ द्यावा. प्रश्न एकदा वाचून दाखवावेत. भाषा सोडून इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. फळ्यावरचे उतरवून घेणे पूर्ण न झाल्यास दुसऱ्याच्या वहीची छायाप्रत काढू द्यावी. वर्गात मोठ्याने वाचण्याची सक्ती करू नये.’

एवढंच. मागण्या चार-पाचच ठेवा, बारा मागितल्या तर एकही नीट पाळली जात नाही. ‘बुद्धिमत्ता सामान्य’ हे शब्द मुद्दाम घालते, कारण शाळेतही अजून कित्येकांना अध्ययन अक्षमता आणि मतिमंदत्व एकच वाटतं.

कलमं का लिहायची, असं पालक मला विचारतात. धमकी वाटेल अशी त्यांना भीती असते. कलम १६ मध्ये स्पष्ट आहे की अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर योग्य उपाय करणं हे शिक्षण संस्थेचं काम आहे. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते पेपरात लिहून देणारी व्यक्ती), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही. ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असं म्हटलं तर हेच कलम १६ पुढं ठेवायचं. वर्गातली साधी मदत सुरू करायला प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नसते.

भेटीला दोघांनीही जा. नुसते वडील गेले की गावची ओळख निघते, चहा होतो आणि मुलाचा विषय मागं पडतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. वह्या ज्याच्या हातून गेल्या आहेत त्यानंच बोलावं. आवाज चढवू नका. वही उघडून टेबलावर ठेवा, मग त्याच प्रश्नाचं उत्तर मुलाला तोंडी सांगू द्या. आमच्या वेळी मुख्याध्यापकांनी अहवाल नुसता चाळला होता, पण त्याच्या तोंडून प्रतापगड ऐकल्यावर त्यांनी स्वतःच शिक्षकांना बोलावून घेतलं.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर स्मरणपत्र, त्यानंतर गटशिक्षणाधिकारी. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकता यावं म्हणून मदत करणारे, विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी तर तेच पहिलं दार आहे. अगदीच अडलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

दर जूनला

वर्ग बदलला की पहिल्या आठवड्यात जुन्या अर्जाची प्रत जोडून नवा अर्ज द्या. मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

लेखनिक

याची घाई करू नका. पाचवी-सहावीतच लेखनिक दिला की मूल लिहायचंच सोडतं, असं माझं ठाम मत आहे. पण नववीपर्यंत थांबणंही चूक. दुसऱ्याकडून लिहून घेणं हे वेगळं कसब आहे : वाक्य पूर्ण मनात तयार करायचं, लेखनिकाच्या हाताच्या वेगानं सांगायचं, पूर्णविराम कुठं ते सांगायचं. आठवीपासून प्रत्येक चाचणीला सराव हवा. आपल्याकडच्या दहावीच्या सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडं जातात, म्हणून फाइल नववी संपायच्या आत तयार असू द्या.

मुलालाही सांगा

मंजुरी मिळाल्यावर झालेल्या पहिल्याच चाचणीत माझ्या मुलानं घंटा होताच सगळ्यांबरोबर पेपर देऊन टाकला. जादा वेळ होता, बाईंना माहीत होतं, पण सगळे उठल्यावर एकट्यानं बसून राहायची त्याला लाज वाटली. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. मग घरी घड्याळ लावून आम्ही सराव केला. मी घंटा वाजवायची, त्याच्या धाकट्या बहिणीनं वही मिटून उठायचं आणि त्यानं मान वर न करता लिहीत राहायचं. असं चार-पाच संध्याकाळी केलं, तेव्हा सहामाहीला तो शेवटपर्यंत बसला.