नागपूरच्या काळ्या मातीत लॉन कसं लावावं

नागपुरात लॉन बिघडतं ते बहुतेक वेळा गवतामुळे नाही, खालच्या मातीमुळे. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगून पाणी धरून बसते. नर्सरीतून आणलेल्या गवताच्या लाद्या तिच्यावर थेट अंथरल्या, तर ऑगस्टमध्ये मुळं सडतात. त्यातून तगलं ते गवत मे महिन्यात भेगांच्या रेषेत वाळतं. म्हणून गवत आणण्याआधीचे दोन महिने मातीला द्या.

एप्रिलमध्ये सुरुवात करा. जागेवर किमान सहा तास ऊन हवं. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत लॉनची दूर्वा विरळ होत जाते, तिथे लॉनचा हट्ट धरू नका. जमीन फूटभर खणून ढेकळं उलटी टाका. मग एकदा पाणी द्या. आठ-दहा दिवसांत मोथ्याचे, म्हणजे जमिनीतल्या गाठींतून फुटणाऱ्या तणाचे कोंब वर येतील, ते खुरप्यानं गाठीसकट काढा. नुसतं उपटलं तर पात हातात येते, गाठ खालीच राहते आणि तिच्यातून पुन्हा फुटवा निघतो. पंधरा-पंधरा दिवसांनी हे तीनदा करा, शेवटच्या खेपेची ढेकळं मे-अखेरच्या नवतप्याच्या उन्हात तापू द्या. कंटाळा येतो, पण लॉन लागल्यावर त्यातून मोथा काढणं याच्या दहापट त्रासाचं आहे.

जूनच्या सुरुवातीला वरची सहा इंच काळी माती उचलून बाजूला करा. दोन-चार घमेली रेती तिच्यातच मिसळून भागत नाही. चिकण मातीत थोडी रेती पडली की ती विटेसारखी घट्ट बसते. उघड्या पडलेल्या तळालाच उतार द्या, घरापासून दूर, दर दहा फुटांना दोन इंच. सुतळी ताणून लेव्हल ट्यूबनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) तपासा, नजरेवर सोडू नका. खालच्या टोकाला सहा इंच रुंदीचा चर काढून त्यात गिट्टी भरा आणि तो बाहेरच्या नालीकडे न्या. मग भर घाला: दोन भाग लाल माती, दोन भाग कन्हान नदीची रेती, एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत. 100 चौरस फुटांवर सहा इंच थर हवा असेल तर दबणं धरून एकूण 55 घनफूट लागतं. कच्चं शेणखत घातलं तर त्यातून तणाचं बी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) दोन्ही येतात. आणि चुना अजिबात नको. आपल्या जमिनीत तो आधीच जास्त आहे.

भर ओली करून हलका रोलर फिरवा. खळगे दिसतील ते भरा आणि पुन्हा फिरवा.

लावणी आर्द्रा नक्षत्रात (जूनअखेर ते जुलैची सुरुवात), दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. नागपूरच्या उन्हाला दूर्वेच्या जातीचं गवत सगळ्यांत चिवट. दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार इंचांवर, दीड-दोन इंच खोल टोचा, एक पेर वर राहू द्या. एक चौरस फूट गवत आठ ते दहा चौरस फुटांना पुरतं. पोळ्याच्या सुमारास जमीन झाकली जाते. घाई असेल तर लाद्या लावा, पण भिंतीच्या विटांसारखे सांधे चुकवा आणि फटीत रेती भरा.

गवत तीन इंच झालं की पहिली कापणी, दोन इंचांवर. पुढे पावसाळ्यात दीड इंच ठेवा, उन्हाळ्यात पुन्हा दोन. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. कापल्यावर टोकं पांढुरकी दिसली तर पातं बोथट झालं आहे. जुलै ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, 100 चौरस फुटांना 50 ग्रॅम युरिया 10 लिटर पाण्यात विरघळवून झारीनं द्या आणि लगेच साध्या पाण्यानं पानं धुवा. ओल्या पानांवर कोरडा युरिया पडला की तिथेच करपल्याचे ठिपके उठतात. डिसेंबर-जानेवारीत गवत थोडं तांबूस होतं. ती थंडीची सुस्ती आहे, युरिया देऊन ती मोडू नका.

उन्हाळ्याचं पाणी रोज शिंपडू नका. वरवरच्या पाण्यानं मुळंही वरच राहतात आणि 45 अंशांत भाजून निघतात. दर तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊण इंच, म्हणजे 100 चौरस फुटांना साधारण 175 लिटर द्या. तासाभरानं लांब पेचकस टोचून बघा. पाच इंच सहज गेला तर पाणी पुरेसं झालं. तहान ओळखायची खूणही सोपी आहे: चालून गेल्यावर पाऊल उमटलेलं तसंच राहिलं आणि गवताला निळसर राखाडी झाक आली, की पाण्याची वेळ झाली. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र लॉनवर ओतू नका. पाणी उडून जातं तसे क्षार मागे साठत जातात. टाकीच्या पत्र्यावर जो पांढरा थर दिसतो, तोच मुळांशी बसतो.

कडेला शोभेचं गवत लावायचं तर मधे विटांची ओळ सहा इंच खोल पुरा, नाहीतर दूर्वा वाफ्यात घुसते. गिट्टीच्या चराजवळ, जिथे ओल राहते, तिथे वाळा उत्तम. जुलैत दोन-तीन फुटव्यांचे ठोंब फूट-फूट अंतरावर लावा, तो रांगत पसरत नाही. गवती चहाला साचलेलं पाणी चालत नाही, त्याला उंचवट्यावर दोन-दोन फुटांनी जागा द्या. फाउंटन गवत फेब्रुवारीत जमिनीपासून सहा इंचांवर कापलं की नवी पालवी भरगच्च येते.

पावसाळा ओसरताना एखादा पट्टा पिवळा पडला तर पाणी किंवा खत देण्याआधी तिथलं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं सुटून आलं तर खाली हुमणी आहे: पांढरी, जाड, वाकडी अळी, तपकिरी डोक्याची. वेचून मारा आणि कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम (अळी मारणारी बुरशी) मिसळून पाकिटावरच्या प्रमाणात, जमीन ओली असताना संध्याकाळी टाका. पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंबाच्या फांद्या हलवा. हुमणीचे भुंगेरे तिथेच पाला खायला जमतात. खाली चादर अंथरून ते गोळा करा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा.