उन्हातली पहिली ट्रायथलॉन: किती हळू जायचं ते आधी ठरवा

माझं कोल्हापुरात औषधाचं दुकान आहे आणि ट्रायथलॉनचा नाद मला चाळिशीनंतर लागला. त्यामुळे पावसाळा सरत आला की खोकल्याच्या औषधाबरोबर दुसरीही एक चौकशी काउंटरवर सुरू होते : "मॅडम, गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला नाव घातलंय, पण त्या उन्हाचं काय करू?" प्रत्येकाला जे सांगते ते इथे एकदाच लिहून ठेवते.

आधी वही घ्या. ही ट्रायथलॉन म्हणजे ओळीनं १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं, आणि सगळ्याला मिळून साडेआठ तास. पोहण्याला वेगळी मर्यादा, १ तास १० मिनिटं. आता साध्या माणसाचा हिशेब मांडा. पोहायला ५५ मिनिटं, ओल्या अंगानं हेल्मेट-बूट चढवायला ८, ताशी २५ च्या वेगानं सायकल ३ तास ३६ मिनिटं, परत बूट बदलायला ६. झाले पावणेपाच तास. उरले पावणेचार. म्हणजे पळण्यासाठी किलोमीटरमागे १० मिनिटं ४० सेकंद मिळतात. रंकाळ्याला रोज सकाळी झपाझप फेरी मारणारे काका साधारण त्याच वेगानं चालतात.

हा आकडा वाचून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण त्यांनी मनात अडीच तासांची हाफ मॅरेथॉन धरलेली असते. मला तो आकडा फार आवडतो. सातच्या सुमारास पाण्यात उतरलात तर पळायला सुरुवात होणार पावणेबाराला, आणि तिथून साडेतीनपर्यंत ऊन डोक्यावर. अशा वेळी अख्खं अंतर चालूनही शर्यत पुरी होते, हे आधीपासून ठाऊक असलं की सायकलवर उगाच जोर काढायची खाज येत नाही.

जोर का काढायचा नाही, ते समजून घ्या. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातला पाऊण हिस्सा किंवा जास्तच नुसती उष्णता होते. वेग वाढवला की आतली भट्टी वाढली. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम, आणि गोव्याच्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही. थंडावा येतो तो वाळण्यामुळे. म्हणून आपल्याकडच्या कोरड्या हवेत पहाटे जो वेग आरामात निघतो, तो तिथे दुपारी निघत नाही. मग उष्णता कमी करायचा एकच उपाय पूर्णपणे आपल्या हातात राहतो, तो म्हणजे हळू जाणं.

शरीराला उन्हाची सवय लावता येते, आणि ती साधारण १० ते १४ दिवसांत लागते. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण त्यासाठी पहाटे पाचच्या गारव्यात पळून भागणार नाही. शर्यतीच्या दोन-अडीच आठवडे आधीपासून सराव उन्हाच्या वेळेला सरकवा : पहिल्या दिवशी अर्धा तास, तोही रमतगमत, मग हळूहळू तासापर्यंत. ज्यांना ऑफिसमुळे जमत नाही त्यांनी व्यायामानंतर लगेच गरम पाण्याच्या टबात वीस-पंचवीस मिनिटं बसावं. कढत नको, सोसेल इतपतच, आणि घरात कुणीतरी असताना. उठताना चक्कर येते.

याच दिवसांत घाम मोजून घ्या. अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. शर्यतीच्या वेगानं तासभर उन्हात सायकल किंवा पळणं, मग पुन्हा वजन. समजा ६२.४ चे ६१.३ झाले आणि मध्ये अर्धा लिटर प्यालात, तर तासाला १.६ लिटर घाम गेला. आता गंमत बघा, पोट तासाला साधारण ८०० मिलिलिटर ते लिटरभरच पचवतं. म्हणजे गेलेलं सगळं पाणी भरून काढता येणार नाही, आणि तसा हट्टही धरायचा नाही. जास्त साधं पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यत संपल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर समजा, पाणी जास्त झालं.

आता माझ्या धंद्यातलं. ओआरएसचं २१.८ ग्रॅमचं पाकीट एका लिटरसाठी असतं, आणि जुलाबाच्या पेशंटला ते तसंच, बरोबर एक लिटरमध्ये द्यायचं. त्यात तडजोड नाही. शर्यतीत मात्र मी एका पाकिटाचं दोन लिटर करते. मीठ पुरतं आणि चव सोसवते. पण त्यात साखर फार थोडी, तेव्हा ताकदीसाठी खाणं वेगळं हवं. ओआरएसच्या नावावर विकल्या जाणाऱ्या गोड पेयांवर जाऊ नका. २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) अशा पेयांच्या लेबलवर ते नाव वापरायला मनाई केली, ती उगाच नाही.

खाण्याचं : तासाला ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात पंचवीसएक ग्रॅम असतात. खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, जमत असेल तर एनर्जी जेल, म्हणजे पाकिटातलं गोड, घट्ट पाक. शेंगदाण्याची चिक्की मला जीव की प्राण, पण उन्हात तेलकट काही पोटात बसून राहतं. चॉकलेट वितळून बोटांना लागतं. जे काय खाणार ते सरावात खाऊन बघितलेलं असावं. आदल्या रात्री पणजीत मासे बघून तोंडाला पाणी सुटतं खरं, पण त्या रात्री वरणभात. तांबडा-पांढरा तर घरी परत आल्यावर.

पोहण्याबद्दल फार लिहीत नाही. तलावात सराव हवाच, आणि आपल्याकडे राजाराम तलाव आहे, तिथे बर्गमन ट्रायथलॉनही होते. मिरामारच्या समुद्रात पाणी कोमट असतं, त्यामुळे वेटसूटचा (गार पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचा) विचार सोडा. काखेत आणि मानेला व्हॅसलीन चोपडा, खारट पाण्यात शिवण घासून सालं निघतात. दम लागला तर पाठीवर तरंगा, किंवा हात वर करून मदतीची छोटी होडी, म्हणजे कयाक धरा. कयाक धरून पुढे सरकला नाहीत तर नियमात बसतं. घाबरल्यासारखं झालं तर तोंडानं श्वास पाण्यात पूर्ण सोडा. श्वास अपुरा वाटतो तो बहुतेकदा आतली हवा बाहेर न सोडल्यामुळे.

सायकल फसवते. वाऱ्यामुळे घाम वाळतो, गार वाटतं, तहान लागत नाही, आणि पळायला उतरल्यावर सगळं एकदम अंगावर येतं. घड्याळात दर १५ मिनिटांचा गजर लावा, वाजला की दोन-तीन घोट. एक बाटली आदल्या रात्री अर्धी भरून आडवी गोठवा आणि सकाळी वरून भरा. बोलताना वाक्य तुटत असेल तर तुम्ही जास्त जोरात आहात.

पळताना पहिल्या मिनिटापासून चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. दमल्यावर चालू असं ठरवलं तर ते चालणं हातचं राहत नाही, लादलं जातं. पाण्याचं प्रत्येक टेबल चालत पार करा. बर्फ टोपीत, बर्फ ट्रायसूटच्या (पोहण्यापासून पळण्यापर्यंत अंगावर ठेवायच्या तंग पोशाखाच्या) आत छातीशी, दोन तुकडे मुठीत. पाणी डोक्यावर ओतताना पुढे वाका, बुटात गेलं की फोड आलेच. बायकांना एक सांगते : त्या तंग सूटची लाज पहिल्या दहा मिनिटांत संपते. त्यावर टी-शर्ट घालून उकडून घेऊ नका.

घरच्यांना दोन गोष्टी समजावून ठेवा. एक, बाहेरून पाणी किंवा केळं हातात दिलं तर तुम्ही बाद होऊ शकता. आमच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. दोन, तुम्ही झिंगल्यासारखे चालत असाल, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देत असाल किंवा विनाकारण चिडत असाल, तर त्यांनी लगेच मेडिकलवाल्यांना हाक मारायची. उष्माघातात घाम थांबतोच असं नाही. घामानं निथळणाऱ्या माणसाचंही आतलं तापमान चाळिशीच्या वर असू शकतं. अशा वेळी आधी बर्फाच्या पाण्यात बसवून गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. स्वतःसाठी माझी युक्ती अशी : प्रत्येक फेरीत स्वतःचा फोन नंबर उलटा म्हणून बघते. अडखळले की चालायला लागते. उन्हात काटा येऊन थंडी वाजली तर मात्र थेट थांबायचं. रिओ ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये रौप्यपदक मिळवणारा जोनाथन ब्राऊनली २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलला शेवटच्या काही शे मीटरवर पुढे असताना असाच लटपटला. भाऊ ॲलिस्टरनं त्याला खांदा देऊन रेषेपर्यंत नेलं. तेव्हा "मी फिट आहे" हे उन्हाला सांगून उपयोग नसतो.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा ॲलर्जीची औषधं घेत असाल तर नाव घालतानाच डॉक्टरांशी बोला. अशी काही औषधं शरीरातलं पाणी कमी करतात, काही घामावर परिणाम करतात.

शेवटची रेषा ओलांडली की तिथेच धाडकन बसू नका. पायातलं रक्त पायातच राहतं आणि भोवळ येते. पाच-दहा मिनिटं चाला, मग सावलीत पाय वर करून पडा. थोडं थोडं प्या, काहीतरी खारट खा. गोव्यात असाल तर पेज आणि लोणचं मिळालं तर बघा, त्यासारखं दुसरं नाही. बिअर नंतर. आणि गुडघे कितीही ठणकले तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक शर्यतीच्या आधी, मध्ये किंवा लगेच नंतर घ्यायचं नाही. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर ते फार जड जातं. लघवी झाली, रंग फिका दिसला, मग हवी तर पॅरासिटामॉल. कोऱ्या चहासारखी काळपट झाली, किंवा रात्रीपर्यंत झालीच नाही, तर पेनकिलरसाठी माझ्या दुकानात येऊ नका, तडक हॉस्पिटल गाठा.